पहिल्या बाळंतपणाला येऊ नकोस

शाहूपुरी, कोल्हापूर
२८ डिसेंबर २००९

प्रिय दानू,

तुला आशीर्वाद, आणि पोटात बसून लाथा मारणाऱ्याला त्याहून जास्त.

हे पत्र जोतीरामच्या हाती देते आहे. तो गुळाचा ट्रक घेऊन रत्नागिरीला निघालाय आणि मलकापुरात चहाला थांबतो. दुकानात कुणाकडं देऊ नकोस, दानेश्वरीच्याच हातात दे, असं त्याला दोनदा बजावलंय. फोनवर का नाही बोलले असं विचारशील. तुमचा फोन दुकानाच्या गल्ल्यावर असतो, आणि जावईबापू भोळेपणानं तो मोठ्या आवाजावर ठेवून साबण-काडेपेट्या देत राहतात. गेल्या खेपेला मी "कशी आहेस गं" म्हटलं तर तुझ्याआधी कुणीतरी गिऱ्हाईकच म्हणालं, "बरी हाय की!" आजचं बोलणं गिऱ्हाइकांसमोर बोलण्यासारखं नाही.

रविवारी फोनवर तू रडलीस ते मला कळलं. तू भांडत होतीस, पण रडू आलं की तुझा आवाज चढतो हे मी तुझ्या बालवाडीपासून बघतेय. आठवा महिना लागला तरी माहेरचं कुणी न्यायला आलं नाही, सातव्यात ओटी भरायलाही कुणी फिरकलं नाही, आणि सासूबाई येता-जाता विचारतात की तुझं माहेर आहे का पंचगंगेला वाहून गेलं. त्यांचं तरी काय चुकलं? पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज माझ्या आईच्या आईनंही पाळला. माझ्या वेळी माझा भाऊ आण्णा निपाणीहून यष्टीनं मला न्यायला आला होता, आणि त्याला यायला उशीर झाला म्हणून तुझ्या अज्जीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. सासवांचं मला नवीन नाही. तरीही सांगते, दानू, यंदा येऊ नकोस. बाळंतपण मलकापुरातच कर. का, ते सांगायचं तर मला श्रावणापासून सुरुवात करावी लागेल. रागावायचं ते सगळं वाचून झाल्यावर रागाव.

आपलं घर कसं चालतं ते तुला ठाऊकच आहे. तुझ्या आप्पांची गूळ बाजारातली हमाली दसऱ्यापासून होळीपर्यंत. बाकीचे दिवस घर माझ्या परातीवर. आकारामच्या खानावळीला दोन वेळच्या भाकऱ्या, त्या तूच लहानपणी फडक्यात बांधून पळत पोचवायचीस आणि वाटेत एक कुरतडायचीस. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी आल्या की पुढं थंडीभर जरा मोकळं वाटायचं. एवढाच आपला पसारा. यातला एक पाय निखळला की घर लंगडं होतं, दोन निखळले तर बसतंच.

श्रावणात पुण्याच्या बातम्या यायला लागल्या. स्वाइन फ्लूनं माणसं मरतायत, शाळा बंद, सिनेमे बंद. अज्जीनं त्याला डुकराचा ताप असं नाव दिलं आणि निर्धास्त झाली. तिचं म्हणणं, "आपुन लिंगायत. अंड्याला हात लावत न्हाई, आनि आपल्याला डुकराचा ताप कुठनं येतोय?" तो ताप डुक्कर खाऊन होतो असंच तिला अजून वाटतं. गल्लीत मात्र धाबं दणाणलं. जो तो रुमालात कापूर बांधून हुंगत फिरायला लागला, निलगिरीच्या तेलाची बाटली मिळेना, आणि ज्याला साधी शिंक आली त्याच्याकडं लोक साप बघावा तसं बघायला लागले. त्यातच तुझे आप्पा पुण्याला जाऊन आले. बाजारात काम नव्हतं, ट्रकबरोबर उतरवायला माणूस पाहिजे होता, गेले. आले ते घसा धरून. हळद-दुधावर दोन दिवसांत बरे झाले, पण गल्लीनं ते मनात ठेवलं.

गणपती गेले आणि मला उलट्या सुरू झाल्या. तव्यावर भाकरी फुगली की तो वास पोटात ढवळून काढायचा. मी पदर तोंडात कोंबून मोरीकडं पळायची. त्यात पावसाळी खोकला होताच. समोरची धोंडुबाई, तुला माहीत आहे, तिला आपल्या मोरीतलं पाणी कुठल्या डाळीचं हेसुद्धा कळतं. तिनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी नळावर जाहीर करून टाकलं, "रुद्राप्पाच्या घरात पुन्याचं आलंय." संध्याकाळच्या आत आकाराम आला. दारात आला नाही, गटाराच्या पलीकडं उभा राहिला, नाकाला रुमाल. चांगला माणूस आहे तो, बोलताना त्याची मान खाली होती. "वैनी, राग मानू नगासा. पर गिऱ्हाईक ऐकंना. तुमच्या हातची भाकरी म्हटल्यावर ताटावरनं उठाय लागल्यात. चार दिस थांबू की."

मला तेव्हा एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. ताप नव्हता, दानू. मला दिवस गेले होते. तुझ्या अव्वाला, एक्केचाळिसाव्या वर्षी, लेक पोटुशी असताना. आता जरा थांब, घोटभर पाणी पी, आणि मग पुढं वाच.

जीभ उचलली होती मी. पण आकारामच्या मागं धोंडुबाई कान टवकारून उभी, आत धाकटी सौंदर्या बारावीचं पुस्तक घेऊन बसलेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आली तुझी सासू. नातवंडाच्या बारशाला आलेली विहीण स्वतःच पोट पुढं घेऊन पाळणा हलवतेय, हे मलकापुरात कसं घेतलं असतं ते तूच सांग. तुझ्या पाठीमागं किती वर्षं फिदीफिदी चाललं असतं. तापाचं माणूस बरं होतं, हसं झालेलं होत नाही. मी म्हटलं, बरं, थांबू चार दिस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ झाकलेली राहिली आणि परात पालथी पडली.

तुझ्या आप्पांचं तेच. दसऱ्यानंतर नवा गूळ यायला लागला, मुहूर्ताचे सौदे झाले, आणि मुकादमानं त्यांना सांगितलं की घरात आजार आहे तोवर बाजारात पाऊल टाकायचं नाही, बाकीचे हमाल कुरकुरतात. या माणसानं बाजाराच्या या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाला ऐकू जाते. पण "बायकोला दिवस गेल्यात" एवढं मुकादमाच्या कानात सांगायला त्याला आवाज फुटला नाही. घरात जावई आल्यावर बापानं असं काही करायचं नसतं म्हणे. आम्ही दोघं धडधाकट, आणि दोघंही रोगी म्हणून घरात बसलो. ऐन हंगामात गुळाच्या हमालाच्या घरात चहात घालायला गुळाचा खडा नव्हता. दिवाळीत कढई चढली नाही. तू फराळाचं विचारलंस तेव्हा मी म्हटलं, जोतीराम न्यायला विसरला. बिचाऱ्याला तू भेटल्यावर फैलावर घेतलंस, त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

हे कसं झालं, असं तू विचारणार नाहीस, पण मला सांगायचंय, कारण याचा राग माझ्या पोटात त्या जिवाइतकाच वाढतोय. सौंदर्यानंतर दोनदा माझं पडलं. तेव्हापासून मी ऑपरेशन मागतेय. अज्जी म्हणायची, लेकी जातील दुसऱ्याच्या चुलीला, या घरात दिवा कोण लावणार? दवाखान्याच्या सिस्टरनं तुझ्या आप्पांना समजावलं की बाप्यांचं ऑपरेशन बाईच्या निम्म्यानं सोपं असतं. ते म्हणाले, "नस कापल्यावर पोती काय तुमी उचलणार व्हय?" गूळ बाजारात कधीकाळी एका हमालानं ते ऑपरेशन करून घेतलं होतं आणि पुढच्या वर्षी तो ट्रकच्या फळीवरून घसरून पडला. फळी ओली होती. पण पडला तो नस कापल्यामुळं, असं सगळ्या बाजारानं ठरवलं, आणि तेव्हापासून एकही हमाल त्या टेबलावर चढलेला नाही. मग माझ्या वाट्याला तांबी आली. ती बसवायची, काढायची, पुन्हा बसवायची. रक्त जायचं, कंबर मोडायची, तरी भाकऱ्या थापायच्याच.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाला तुझी गोड बातमी आली आणि अज्जीच पहिल्यांदा म्हणाली, "लेक आई व्हाय लागली, आता आईनं पुरं करावं." मला त्या दिवशी सण वाटला. सिस्टरनं तांबी काढून टाकली, कारण ती फार त्रास देत होती, आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या शिबिरात माझं नाव घातलं. मी नवा गाऊन शिवून घेतला होता, दानू, दवाखान्यात घालायला. उपाशीपोटी गेले तर दाराला कुलूप. सगळ्या सिस्टरा, डॉक्टर तापाच्या कामाला गेलेले. शिबिर पुढं ढकललं, तारीख कळवू. कुणी कळवली नाही. गोळ्या मागितल्या तर साठा आलेला नव्हता. आणि घरातल्या माणसाला "थांबा" कसं म्हणायचं, हे मला बावीस वर्षांच्या संसारात कुणी शिकवलं नाही. तुलाही मी शिकवलं नाही. ते मात्र तू शिक.

घटस्थापनेनंतर मी कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेले. पोट खाली करून घ्यायचं ठरवूनच गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, ताप, खोकला? खोकला होता, हो म्हटलं. घरातलं कुणी पुण्याला जाऊन आलंय? खोटं कशाला बोलू, हो म्हटलं. झालं. मी पोटाचं सांगायच्या आत मला तापाच्या रांगेत ढकललं. घशातून कापसाची काडी फिरवली, गोळ्या दिल्या आणि निकाल येईपर्यंत घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं. तिथं माझ्याशेजारी एक पोरगी बसली होती. तुझ्याएवढीच, पोट तुझ्यासारखंच वर आलेलं, श्वास घेताना खांदे हलत होते. तिची आई तिला पदरानं वारा घालत होती आणि मलाच धीर देत होती, काही होत नाही बाई म्हणून. मला ताप नाही असा निकाल आला, गल्लीनं त्या कागदावर विश्वास ठेवला नाही ही गोष्ट वेगळी. तो आणायला गेले तेव्हा मी सिस्टरला त्या पोरीचं विचारलं. ती म्हणाली, गेली, दोन्ही जीव गेले. मी घरी येईपर्यंत रस्त्यावर रडले. लोक लांब होत होते, त्यांना वाटलं असेल सर्दी आहे. म्हणून सांगते, खोकणारं गिऱ्हाईक आलं की तू दुकानातून उठून आत जात जा, आणि सासूबाई काय म्हणतील याची फिकीर करू नकोस. पोटुश्या बाईला हा ताप सोडत नाही. तू येऊ नकोस म्हणते त्याला हेही कारण आहे. यष्टीत, स्टँडवर अजून माणसं खोकतायत.

पोटाचं सांगायला पुन्हा जायच्या आधी अज्जीला कळलं. सासू ती, माझ्या चालण्यावरून ओळखलं. मला वाटलं शिव्या घालेल. तिनं देवापुढं दिवा लावला. "शिवानं दिला. म्हातारपनी माझी हाक ऐकली." तेव्हापासून तिच्या मनात तो मुलगाच आहे. दवाखान्याचं नाव काढलं की ती दारात आडवी बसते. तुझे आप्पा आधी खाली मान घालून फिरत होते, मग त्यांनाही हळूहळू वाटायला लागलं की असेल मुलगाच. वाईट वाटतं ते याचं की म्हातारी स्वतःच्या चहातलं दूध मला देते. ती कोरा चहा पिते आणि माझ्यापुढं वाटी सरकवून म्हणते, "तुला न्हवं, त्याला." तिच्यावर रागवावं तरी कसं?

बाकी घराचं म्हणशील तर सौंदर्यानं कॉलेज सोडलं. सुटलं, असं ती म्हणते. शाहूपुरीतल्या एका कापडाच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या घालते आणि रात्री भूक नाही म्हणते. सतरा वर्षांच्या पोरीला भूक नसते यावर विश्वास ठेवायला मला दररोज शिकावं लागतंय. माझ्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी विकली, लिंग आता फडक्यात बांधून घातलंय. जंगम स्वामी म्हणाले, शिवाला चांदी लागत नाही. त्यांचं बरोबर आहे, आणि आम्हाला ज्वारी लागते.

नोव्हेंबरात पोट लपेना. मग एकदाचं फुटलं. धोंडुबाई स्वतः घरात आली, कपाळावर हात मारून घेतला आणि खोखो हसत म्हणाली, "आगं बया! आनि आमी हितं कापूर हुंगीत बसलो की!" सगळी गल्ली हसली. नळावर विचारतात, डोहाळजेवण आईचं आधी करायचं का लेकीचं? हसू दे. पण भाकऱ्या परत आल्या नाहीत. आकारामनं तोवर विठाबाईला लावलं होतं. तिचा नवरा गणपतीत वारला, लहान लेकरं आहेत. तिला काढून मला ठेव असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? तुझ्या आप्पांना मुकादमानं परत घेतलं, पण बदली माणूस म्हणून, कुणी आलं नाही तर. म्हणजे ज्या हसण्याला भिऊन आम्ही भाकरी घालवली, ते हसणंही आलं आणि भाकरीही गेली.

गेल्या आठवड्यात अज्जी मठात गेली होती तेव्हा मी पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीण तरुण आहे, तिनं नीट तपासलं. म्हणाली, आता उशीर झाला, पाचवा उलटला, कायद्यानं हात लावता येत नाही. वर म्हणाली, रक्त फार कमी आहे आणि वार खाली, पिशवीच्या तोंडावर आहे. मे महिन्यात होईल, पोट उघडूनच काढावं लागेल, रक्त बरंच जाईल, देणारी माणसं आत्तापासून बघून ठेवा. शेवटी म्हणाली, त्याच वेळी तुमच्या नळ्याही बांधून टाकू. मी म्हटलं, बाई, त्या नळ्या श्रावणातच बांधायच्या होत्या, मी उपाशीपोटी आले होते. ती कागदावर लिहीत राहिली. घरी सांगितलं तेव्हा तुझे आप्पा रक्त द्यायला तयार झाले. नस कापायला भिणारा माणूस सुई टोचून घ्यायला उठला, एवढं तरी माझ्या पदरात पडलं. अज्जीनं मात्र ऐकून घेतलं ते फक्त बाळाचं. बाळ ठीक आहे म्हटल्यावर ती पाळण्याच्या दोऱ्या शोधायला लागली. तिचं आता वर एक म्हणणं आहे की एका छपराखाली दोन पोटुश्या नकोत, एकीचं दुसरीला बाधतं. तुला न्यायला न येण्याचं ते शेवटचं कारण. आधीची कारणं तुला कळलीच. इथं एक खोली, एक आजारी बाई, कोरा चहा. बाळंतिणीला लागणारं तूप, खोबरं, डिंक, यातलं मी तुला काहीच देऊ शकत नाही. सासरी ऐकून घ्यावं लागेल, तरी तिथं तुला दूध मिळेल. माहेर गरीब आहे म्हणून सरळ सांग. खोटं सांगून काय होतं ते आम्ही बघितलंय.

आणि तुझं झालं की लगेच सिस्टरला भेटून काय ते करून घे. जावईबापू ऐकतील, तो पोरगा समजूतदार आहे. कुठल्या शिबिराच्या तारखेवर बसून राहू नकोस.

आता ज्यासाठी कागद घेतला ते. परवा जेवताना अज्जी नाव सांगत होती, मुलाचं. सौंदर्यानं सहज विचारलं, "आनि पोरगी झाली तर?" अज्जीचा घास हातातच राहिला. म्हणाली, "आसलं अभद्र बोलू नगंस." तुझे आप्पा ताटाकडं बघत म्हणाले, "पोरगी झाली तर कुनाला तरी दिऊन टाकू. तिसरी कोन पोसनार?" तुला खांद्यावर घेऊन सगळा बाजार दाखवणारा माणूस हा. तो दुष्ट नाही गं, रिकामा झालाय. मी घरात असेन तर कुणाला काय देऊ द्यायचं ते मी बघून घेईन, ती ताकद माझ्यात अजून आहे. पण मी टेबलावरून उठले नाही तर? दानू, मेमध्ये तुझं लेकरू तीन महिन्यांचं असेल, तुझ्या अंगावर दूध असेल. मुलगा झाला तर तू काहीच करू नकोस, त्याच्यासाठी अज्जी शंभर वर्षं जगेल. मुलगी झाली आणि मी उरले नाही, तर मात्र कुणाच्या बोलावण्याची वाट बघू नकोस. ये, आणि तिला उचलून घेऊन जा. तुझ्या लेकराच्या शेजारी घे. सौंदर्याच्या गळ्यात ती पडू देऊ नकोस, तिचं आयुष्य अजून सुरू व्हायचंय. तुझ्यावर मी केवढं ओझं टाकतेय ते मला कळतं. जिचं पहिलं बाळंतपणसुद्धा मी करू शकत नाही, त्याच लेकीकडं माझं बाळंतपण मागतेय. जावईबापूंना आधी विचार, चोरून करायची ही गोष्ट नाही. ते नाही म्हणाले तर तसं कळव, मी दुसरं कुणी शोधेन, तुझ्यावरची माया कमी होणार नाही. हो म्हणाले तर नुसता "व्हय" एवढा निरोप धाड. फक्त मे उजाडायच्या आत धाड, म्हणजे मला आत नेताना ते माहीत असेल.

तुझीच,
अव्वा